वाचनालयातल्या बाईंना, रेग्युलेटरच्या त्या फोटोंबद्दल

बाई,

समोर बसून बोलायला घेतलं की मला रडू येतं आणि सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण माझ्यासारखी अजून एखादी आत्ता फोन हातात धरून, आपलंच डोकं फिरलंय असं समजून बसली असेल.

तो शनिवार आठवतो ना तुम्हाला? लेक शेजारच्या हॉलमधे ड्रॉइंग क्लासला, मी काउंटरपाशी टेकलेली. तिचं चित्र दाखवायला फोन पुढे केला आणि तुमचं बोट लागून फोटो मागे सरकला तर गॅसचा रेग्युलेटर, त्याच्या मागे परत रेग्युलेटर, परत तेच. तुम्ही विचारलंत, हे काय गं? मी म्हटलं, मी हल्ली फार विसरते, गॅस चालू ठेवते असं हे म्हणतात, एक दिवस घर जाळशील म्हणतात, म्हणून निघताना फोटो काढून ठेवते. ते फोटो यांनी माझ्या सासरच्या सगळ्यांना दाखवले होते, बघा कशी वागते म्हणून. तुम्ही चष्मा वर करून एकेक फोटो नीट पाहिलात, घाई नाही काही नाही, आणि म्हणालात, "अगं, सगळ्यात बंदच आहे की. तू विसरत असतीस तर एकात तरी चालू दिसला असता ना."

बाई, ते फोटो काढले मीच होते, पण असे बघितले नव्हते कधी.

मग तुम्ही मला पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' नाटकाची गोष्ट सांगितलीत, उभ्या उभ्या, मधे दोघांची पुस्तकं बदलून देत. लंडनमधलं घर, नवरा भिंतीवरचं चित्र गुपचूप काढून लपवतो आणि बायकोला विचारतो तू कुठे ठेवलंस, आणि असं इतक्या वेळा की तिला स्वतःच्याच डोक्याची भीती वाटायला लागते. तो बाहेर जातो असं सांगून वरच्या बंद मजल्यावर जातो, तिथे दिवा लावतो आणि गॅस तिकडे गेल्यामुळे हिच्या खोलीतली ज्योत बारीक होते. ती ते रोज बघते, पण कोणाला सांगायची सोय नाही कारण वेडी ठरेल. शेवटी एक जुना पोलीस अधिकारी घरी येतो, त्याच्यासमोर ज्योत बारीक होते आणि तेव्हा तिला कळतं की आपल्याला दिसत होतं ते खरंच होतं. या नाटकावरूनच आलेला गॅसलाइटिंग, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावणं, हा शब्द हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, मीही रीलमधे ऐकलेला, पण तो आपल्या ओट्यापाशी उभा असतो हे तुमच्यामुळे कळलं.

नंतर इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' नाटक दिलंत, १८७९ चं. काणेकरांचं 'घरकुल' त्यावरूनच आहे म्हणालात, पण ती प्रत कपाटात नव्हती, मग इंग्लिशच दिलंत आणि वर म्हणालात, बीए केलंयस ना, वाच की. घरी न्यायची हिंमत नव्हती म्हणून चार शनिवार तिथेच बाकावर बसून वाचलं. मला वाटायचं अत्याचार म्हणजे मारहाण, आणि यांनी तर कधी हातही उगारला नाही. नाटकातला नवरा टोरवाल्ड पण बायकोला, नोराला, मारत नाही, चंडोल म्हणतो, खारुताई म्हणतो, लाडच लाड. पण बदामाची बिस्किटं खायची नाहीत, दात खराब होतात, म्हणून ती बाई पहिल्याच पानांवर खिशात पुडी लपवून तोंड पुसते. मी तिथेच पुस्तक मिटलं. क्लासच्या खाली भेळ खाऊन मी ओढणीने तोंड पुसायचे, श्वासाला कांद्याचा वास येऊ नये म्हणून बडीशेप चावायचे, कारण माझं वजन 'आपल्या दोघांच्या काळजीचा' विषय होता. टपालपेटीची किल्ली एकट्या टोरवाल्डकडे, माझ्या घरी फोनचा पासवर्ड, लोकेशन आणि माझ्याच पगाराचं एटीएम कार्ड.

नोरा मुलांना सोडून जाते ते मला अजूनही झेपत नाही, मला जमलंच नसतं. पण जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला शेवट बदलून ती मुलांच्या दारापाशी थांबते असं लिहावं लागलं आणि त्याने स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हटलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा 'मुलीकडे बघून राहा' म्हणणाऱ्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

शेक्सपियरचा ऑथेल्लो मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचलेला. परत वाचला तर इयागो भेटला, ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय भरवणारा, अर्धं बोलून थांबणारा. काहीतरी खटकल्यासारखं करायचं आणि विचारलं की काही नाही, जाऊ दे. हे माझ्या भावाबद्दल असंच बोलायचे, "तुझा भाऊ आहे म्हणून मी बोलत नाही." काय बोलत नाहीत ते कधीच कळलं नाही, पण दोन वर्षांत माझा भावाला फोन बंद झाला. आणि ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना नवऱ्याच्याच हातून मरताना, हे कोणी केलं विचारल्यावर, कोणी नाही, मीच असं म्हणते. मामीने मला विचारलेलं काय होतंय गं, मी म्हटलेलं काही नाही, माझंच चुकतं हल्ली.

तुम्ही एकदाही घर सोड म्हणाला नाहीत. फक्त जुन्या पावतीच्या मागे 'संरक्षण अधिकारी' आणि महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ लिहून दिलंत, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळ आणि पैशाची अडवणूक पण येते एवढं सांगितलंत. ती पावती मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. भावाला फोन तुमच्या काउंटरवरूनच केला, तुम्ही तेवढा वेळ उगाच कपाट लावत बसलात, मला दिसत होतं.

आता दोन महिने भावाकडे आहोत. गॅसचे फोटो काढत नाही, पहिला आठवडा हात जायचा फोनकडे.

रविवारी येतेय. लेकीचं बालविभागाचं कार्ड करायचंय. फॉर्मवर पालक म्हणून माझी एकटीची सही चालते ना, तेवढं सांगून ठेवा.

तुमची,
शनिवारची वाचक