आईने माफ का करावे?

महोदय,
दारूड्या चालकाने मुलगा चिरडला, त्या आईवरील नाटकाचे परीक्षण रविवारच्या पुरवणीत वाचले. चालक व्यसनमुक्त झाल्यावरही आई सूडाची भाषा सोडत नाही, हा समीक्षकांचा आक्षेप मला मान्य नाही. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या १२ पायऱ्यांत आठवी पायरी आपण दुखावलेल्यांची यादी करण्याची आणि नववी त्यांची भरपाई करण्याची आहे. तीही समोरच्याला आणखी इजा होणार नसेल तरच. म्हणजे काम व्यसनीचे. समोरच्याने माफ केलेच पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही. कायद्यानेही (मोटार वाहन कायदा, कलम १८५) पिऊन गाडी चालवणे हा अपघात होण्याआधीच गुन्हा आहे; पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जळगाव-धुळे महामार्गालगत राहणाऱ्यांना अशा अपघातांत नवे काही वाटणार नाही. त्यांत माणूस गमावलेल्या घरांकडून मोठ्या मनाची अपेक्षा बाहेरचेच करतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. निर्मात्यांनी हे नाटक नंदुरबार-शहाद्यालाही आणावे, शेवट न बदलता.

– एक वाचक, अमळनेर