सम्या, आपली यादी उलटी लागतेय

प्रिय सम्या,

दिवाळीतल्या तुझ्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच, रागावू नकोस. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे मजेत. आज मात्र लिहायलाच हवं. जे झालंय ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही.

वाचनालयातला जुना पीसी अखेर गेला. आपला 2005 चा ग्रंथयादीचा प्रोग्राम त्याच्यावरच चालायचा, काकांनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आता तिथे रास्पबेरी पाय हा एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक बसवलाय. बॅकअपमधून टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचं गाठोडं, काढलं, म्हटलं कॉन्फिगर (मशीन तपासायचं), मेक (प्रोग्राम बांधायचा), की झालं. कॉन्फिगरनं तिथेच हात वर केले, मशीन कुठल्या जातीचं तेच त्याला ओळखता येईना. मशीन ओळखणारी तुझी ती कॉन्फिग-डॉट-गेस फाइल 2005 ची, तेव्हा 64 बिटी एआरएम जन्मालाच आलं नव्हतं. साधी मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, पुरे म्हणून मी होस्टेलवर घसा फोडून सांगत होतो, तू कॉन्फिगर तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फचा हट्ट सोडला नाहीस. बंड्यानं मध्ये पडून चहा पाजला म्हणून आपण आज बोलतोय. ऑटोमेकबरोबर येणाऱ्या नव्या गेस आणि सब फाइली जुन्यांच्या जागी टाकल्या, पुढे सरकलं. माझं मत मात्र तेच आहे.

मग एनकर्सेस या पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या कोड-लायब्ररीची हेडर फाइल सापडेना. लायब्ररी होती, पण हेडर देणारं तिचं डेव्ह पॅकेज नव्हतं. ते घातलं तर तुकडे जोडणारा लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’, म्हणजे एकाच नावाच्या अनेक व्याख्या, म्हणून ओरडायला लागला. अनेक फाइलींत जाणाऱ्या हेडरमध्ये आपण ग्लोबल व्हेरिएबल एक्स्टर्न (‘व्याख्या दुसरीकडे आहे’) न लावता ठेवलेत. पूर्वी जीसीसी कंपायलर ते सगळे एकच समजून जोडून द्यायचा. 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 पासून तो लाड बंद झाला. एक्स्टर्न लावून व्याख्या एकाच फाइलीत नेल्या.

हे सगळं ठीक. पायवर बिल्ड झालं आणि पहिल्याच पुस्तकाला सेगफॉल्ट, चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्राम कोसळला. तेच सोर्स माझ्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्सवर घेतलं, तर जीसीसी 14 नं बिल्डच होऊ दिलं नाही: फंक्शन जाहीर न करता वापरलंय. पायवरच्या जुन्या जीसीसीनं याचीच नुसती वॉर्निंग देऊन सोडलं होतं. तू फोनवर म्हणालास, ‘जीएनयू-89 चा फ्लॅग टाक आणि मोकळा हो.’ म्हणजे सी भाषेचे जुने, सैल नियम लावायचे. सम्या, तुझं हे मला तेव्हाही पटायचं नाही. जाहीर न केलेलं फंक्शन इंट, म्हणजे पूर्णांक, परत देतं असं कंपायलर धरतो. काकांचा पीसी 32 बिटी, इंट आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दोन्ही चार बाइटचे, म्हणून काही बिघडलं नाही. 64 बिटीवर पॉइंटर आठ बाइटचा, त्याचा अर्धा भाग वाटेतच कापला जातो. फ्लॅग टाकून ओरड बंद झाली असती, सेगफॉल्ट तिथेच राहिला असता. फंक्शनं जाहीर करणारे प्रोटोटाइप लिहिले, फेडोरा शांत झाला, टारबॉल तुला पाठवला. तुझं लगेच उत्तर, ‘माझ्या मॅकवर मस्त चालतंय.’

पायवर मात्र प्रोग्राम संपेचना. फाइल वाचून झाली तरी लूप फिरतोच आहे. एकेक अक्षर वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर तू कॅर या एका बाइटच्या प्रकारात घेतलंयस; फाइल संपली की ते उणे एक, म्हणजे ईओएफ, देतं. इंटेलवर कॅर साइन्ड (उणे आकडे चालणारा), उणे एक म्हणजे उणे एकच राहतं, ईओएफ ओळखलं जातं. एआरएम लिनक्सवर कॅर अनसाइन्ड (उणे आकडे न चालणारा), तेच 255 होतं आणि ईओएफशी कधी जुळतच नाही. तुझा मॅकही एआरएमच, पण ॲपलनं कॅर साइन्ड ठेवलाय, म्हणून तुला ते दिसलं नाही.

तिथे इंट केलं, यादी निघाली. काकांनी चष्मा पुसून पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, ‘इंग्रजी पुस्तकं वर कशी आली?’ मला झोप नाही ती यामुळे. आपलं तुलनेचं फंक्शन कॅरमधून कॅर वजा करतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक बाइट 127 च्या वरचा, साइन्ड कॅरमध्ये तो उणे होतो, म्हणून मराठी पुस्तकं आधी. पायवर तेच बाइट अधिक होतात आणि मराठी तळाला जाते. मराठी आधी हे आपण कधी ठरवलंच नव्हतं रे! इतकी वर्षं प्रोसेसर ते ठरवत होता आणि काकांची छापील रजिस्टरं त्याच क्रमानं लागलीत.

साइन्ड-कॅरचा फ्लॅग टाकला तर उद्याच जुना क्रम परत येईल, पण मला तो मेकफाइलच्या भरवशावर नकोय. मराठी आधी हा नियम कोडमध्येच लिहितोय. तरी भीती जात नाही. एरर आली ते मला कळलं, पण बिनतक्रार बिल्ड होऊन चुकीचं छापणारं अजून काय दडलंय? काका त्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

नवं घर लागलं का? चिमीची दहावी यंदाच ना? वहिनींना सांग, लोणचं संपलं.

आणि एवढं कर. मॅकवर अनसाइन्ड-कॅरचा फ्लॅग टाकून बिल्ड कर, बॅकअपमधली नोंदींची फाइल दे आणि जी यादी निघेल ती पाठव. मी ती पायच्या यादीशी डिफ करून, ओळ न् ओळ ताडून, बघतो. 31 मार्चच्या आत, काका मोजणी सुरू करतात.

तुझा,
अन्या