मॅडम, तुम्ही ‘आमच्या’ म्हणालात

प्रिय मॅडम,

हे पत्र फक्त तुमच्या नावे पाठवता आलं असतं. पण हाडांची घनता मोजणाऱ्या खोलीत माझ्यासारखी एकट्याने काम करणारी माणसं खूप आहेत, त्यांच्याही नजरेला पडावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. त्या फोनला आता पाच महिने होतील. अजून आठवलं की घसा दाटून येतो, त्यामुळे सगळं ओळीने मांडता येईलच असं नाही.

तुमच्या प्रशिक्षणाला येण्याआधी मी चार वर्षं डेक्सा मशीनवर, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणाऱ्या मशीनवर, काम करत होते. एक्स-रेचं शिक्षण रीतसर झालेलं होतं, या मशीनचं मात्र काहीच नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाने अर्ध्या दिवसात बटणं दाखवली, आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या, ‘प्रशिक्षण पूर्ण’ असं कागदावर लिहिलं आणि तो निघून गेला. मला नीट शिकायला पाठवा, असं मी वरिष्ठांना दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी उत्तर मिळालं, “मशीन सगळं स्वतः मोजतं, तू फक्त पेशंटला झोपवायचं.” दुसऱ्या वेळी उत्तरही मिळालं नाही. मला त्यांचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. माझ्या न शिकण्याचे भोग त्यांच्या वाट्याला आले नाहीत, टेबलावर विश्वासाने झोपणाऱ्या माणसांच्या वाट्याला आले.

शेवटी रजा टाकून मी स्वतःच तुमच्याकडे आले. पहिल्याच सकाळी तुम्ही वर्गाला विचारलंत, “तुमचा एलएससी किती?” कुणालाच सांगता आला नाही. एलएससी म्हणजे लीस्ट सिग्निफिकंट चेंज, हे निदान ऐकून माहीत असलेले दोघं-तिघं होते, मी त्यांच्यातही नव्हते. तुम्ही रागावला नाहीत. फळ्यावर २.७७ हा आकडा लिहिलात आणि समजावून सांगितलंत की एकाच माणसाची तपासणी दोनदा केली तरी आकडा तंतोतंत तोच येत नाही, कारण माणूस दर वेळी थोडा वेगळा झोपतो आणि आपण त्याला थोडं वेगळं झोपवतो. हा आपला स्वतःचा फरक किती, ते १५ जणांची तीनदा किंवा ३० जणांची दोनदा तपासणी करून काढायचं. दोन तपासण्यांच्या मध्ये माणसाला टेबलावरून खाली उतरवायचं, नाहीतर त्या कसरतीला अर्थ नाही. त्यातून आलेल्या चुकीला २.७७ ने गुणायचं, तो आपला एलएससी. पुढच्या तपासणीतला बदल त्याहून मोठा असेल तरच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की हाडात खरोखर काही बदललं आहे. कंबरेच्या मणक्यांसाठी हा एलएससी ५.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, गेला तर त्या टेक्निशियनने पुन्हा शिकायचं.

मी चार वर्षं रिपोर्टवर ‘वाढ’ आणि ‘घट’ हे शब्द छापून देत होते. माझ्या हाताचा फरक किती, हे मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या आजींबद्दल. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं होतं, मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे २.५ च्या खाली होता, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली होती. ती गोळी घेणं सोपं नसतं. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन वर्षांनी त्या पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी मला आपणहून सांगितलं होतं, “एकही आठवडा चुकवला नाही हं मी.” शाळेत गृहपाठ दाखवावा तशा स्वरात. रिपोर्टमध्ये मणक्यांची घनता ०.८४२ वरून ०.७९० वर आलेली दिसली, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त घट. त्यांचा मुलगा माझ्या खोलीच्या दारातच त्यांना बोलला, “गोळ्या घेत नव्हतीस ना? मशीन काय खोटं बोलतं?” त्या माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं.

हीच जोडी मी तुमच्या वर्गात आणली होती. नाव झाकून, ‘खऱ्या घटीचं उदाहरण’ म्हणून. प्रत्येकाने आपले दोन जुने स्कॅन आणायचे होते, म्हणून. तुम्ही माझ्या प्रतिमा पडद्यावर आल्या तेव्हा क्षणभर थांबलात आणि काही न बोलता पुढच्या जोडीकडे वळलात. मला वाटलं, त्यात बोलण्यासारखं काही नसेल. वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत, दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी लावल्यात आणि म्हणालात, “मणके मोज. खालून मोज, मग वरून मोज.”

मी मोजले. कंबरेचे पहिले तीन मणके इंग्रजी यू किंवा वायसारखे दिसतात, चौथा एचसारखा, पाचवा आय आडवा पाडावा तसा. हे मी तुमच्याकडून आदल्याच दिवशी शिकले होते. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये मी त्या आडव्या आयला चौथा मणका धरलं होतं. पहिल्या ते चौथ्या मणक्याऐवजी दुसऱ्या ते पाचव्याची घनता मोजली गेली होती. खालचे मणके बहुधा जास्त घन असतात, त्यामुळे तो पहिला आकडाच फुगलेला होता. दुसऱ्या वेळी मणके बरोबर धरले गेले, पण मागची प्रतिमा शेजारी उघडून बघायची शिस्त मला नव्हती. तुमच्या समोर बसून मी जुन्या स्कॅनवरच्या रेघा सरकवल्या. आकडा ०.७९६ आला. ०.७९६ वरून ०.७९०, म्हणजे एक टक्काही फरक नाही.

आजींची हाडं जिथल्या तिथे होती. त्या वयात, त्या आजारात, दोन वर्षं हाड टिकून राहणं म्हणजे औषध आपलं काम करत होतं. त्या प्रत्येक आठवड्याला उपाशीपोटी उठून बसल्या होत्या, आणि मी त्यांना घरच्यांसमोर खोटं पाडलं होतं.

मी रडले, ते तुम्ही पाहिलंत. त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, तेही बरं झालं. त्यांच्या डॉक्टरांना कळवणं, रिपोर्ट दुरुस्त करून पाठवणं, हे सगळं दुसऱ्या दिवशी झालं. गोळ्या बंद करून दुसरं औषध सुरू करायचं घाटत होतं, ते थांबलं. ते तपशील इथे नकोत. आजींना आपणच फोन करावा असं डॉक्टर म्हणाले. माझा हात नंबर लावायलाही तयार होईना. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात, स्पीकर लावलात आणि म्हणालात, “आजी, तुम्ही गोळ्या अगदी नीट घेतल्यात. तुमची हाडं टिकून आहेत. आमच्या मोजण्यात चूक झाली होती.”

आमच्या.

मॅडम, तो स्कॅन तुम्ही केलेला नव्हता. त्या केंद्राशी तुमचा काडीचाही संबंध नव्हता. आजींना तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. ‘तिच्या’ म्हणाला असतात तर ते खरंच होतं. ‘तिथल्या’ म्हणाला असतात तरी खरं होतं. माझं नाव घेऊन फोन माझ्या हाती दिला असतात तरी ते योग्यच झालं असतं. तुम्ही मात्र ‘आमच्या’ म्हणालात आणि चूक करणाऱ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात. आणि तरीही त्या शब्दाने चूक झाकली गेली नाही. आजींना सगळं खरं कळलं, मणका कसा चुकीचा मोजला गेला तेही तुम्ही सोप्या शब्दांत सांगितलंत. फरक इतकाच झाला की त्यानंतर माझ्या तोंडून शब्द फुटू शकले. मी माफी मागितली. तुम्ही ते आधी बोलला नसतात तर मला ती मागता आली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आजी म्हणाल्या, “हे माझ्या मुलाला सांगाल का?” तुम्ही म्हणालात, “द्या त्यांना फोन.” आणि तेच सगळं, त्याच ‘आमच्या’सकट, पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत.

चूक उघड झाली की माणसं सहसा काय करतात, ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. मशीनवर ढकलतात, आधीच्या शिफ्टवर ढकलतात, पेशंट हलला असेल म्हणतात. मीसुद्धा म्हटलं असेल. दुसऱ्याच्या चुकीखाली स्वतःचं नाव घालणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी भल्या माणसांबद्दल बोलणं निघालं की मला मदत करणारी, पैसे देणारी, रात्री-अपरात्री धावून येणारी माणसं आठवत. आता मला एका सर्वनामाएवढा चांगुलपणा आठवतो. तो करायला एक क्षण पुरतो, त्याने करणाऱ्याचं नाव कुठेही लागत नाही, आणि समोरच्याला पुन्हा ताठ उभं राहता येतं. असा चांगुलपणा दवाखान्यांत रोज कितीतरी ठिकाणी घडत असेल. ज्याच्यासाठी घडतो तो बहुधा इतका हललेला असतो की आभार मानायचं राहून जातं. माझंही पाच महिने राहिलं.

शिकवण्याबद्दलही लिहायला हवं, कारण ते नसतं तर नुसत्या भलेपणाने आजींचे मणके बरोबर मोजले गेले नसते. खुब्याच्या तपासणीसाठी पाय आत वळवायचा तो नुसतं पाऊल पिळून चालत नाही, सगळा पाय खुब्यापासून फिरायला हवा, हे समजावं म्हणून तुम्ही किरण बंद ठेवून स्वतः टेबलावर झोपलात आणि आम्हा प्रत्येकाकडून तुमचा पाय वळवून घेतलात. तुमचा गुडघा दुखतो हे आम्हाला दुपारी तुम्ही जिना उतरताना कळलं. दबलेल्या मणक्याची प्रतिमा मी विसरणार नाही. मोडून चपटा झालेला मणका जास्त घन दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत गोळा झालेलं असतं, आणि प्रतिमा न बघता नुसता आकडा वाचणारा म्हणतो, हाड सुधारलं. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोअरमध्ये एकाहून जास्त फरक पडला की थांबून बघायचं, असा मणका हिशेबातून वगळायचा, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. रोज सकाळी फँटम, म्हणजे ठरलेल्या घनतेचा नमुना, ठेवून मशीन बरोबर मोजतंय ना हे बघताना आता मला कंटाळा येत नाही. पूर्वी मी ती नोंद दोन-दोन दिवसांची एकदम भरत असे. तेही इथे सांगून टाकते.

तुम्ही म्हणाला होतात की या कामाचं रीतसर प्रशिक्षण हवं हे जगाला फार उशिरा सुचलं. टी-स्कोअर उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. घनता मोजणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री, त्याच्या एकच वर्ष आधी, १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिथे डॉक्टरांबरोबर टेक्निशियनसाठीही प्रमाणपत्र आहे. मशीन विकत घेताना जे हात आखडत नाहीत ते माणूस शिकवायची वेळ आली की का आखडतात, हा प्रश्न तुम्ही वर्गात विचारला होतात. माझ्या वरिष्ठांना मी तो परत आल्यावर तुमच्याच शब्दांत विचारला. या वेळी विषय मिटवता आला नाही, कारण आजींचा दुरुस्त केलेला रिपोर्ट टेबलावर होता. आमच्यातल्या बाकीच्या दोघांना तुमच्या पुढच्या तुकडीत पाठवायचं ठरलं आहे. त्यातली एक फार घाबरट आहे, तिच्याकडे जरा लक्ष द्या.

आजींची पुढची तपासणी अजून लांब आहे. त्यांच्या नोंदीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, ‘मागच्या दोन्ही प्रतिमा उघडून मगच मणके धरणे.’ मी रजेवर असले तरी जो कोणी मशीनवर असेल त्याला ते दिसेल.

आणि पहिल्या सकाळच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. गेल्या महिन्यात ३० जणांची, त्यांच्या संमतीने, दोनदा तपासणी पूर्ण केली, मध्ये प्रत्येकाला टेबलावरून खाली उतरवून. कंबरेच्या मणक्यांसाठी माझी चूक १.४ टक्के आली. माझा एलएससी ३.९ आहे, मॅडम.

तुमची विद्यार्थिनी