सूर्यफुलाचे धांडे धुऱ्यावरच जळतात

महोदय,

कळमेश्वरजवळच्या आमच्या दीड एकर वावरात यंदा उन्हाळी सूर्यफूल घेतलं. बी विकलं. झोडपलेल्या कणसांच्या तबकड्या म्हशीनं आवडीनं खाल्ल्या, पण धांड्यांचा ढीग धुऱ्यावरच राहिला. चुलीत घातला की कागदासारखा भुर्रकन जळतो, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) दम त्याला नाही. शेवटी सगळ्यांसारखी मीही काडी लावली.

जाळण्याआधी एक धांडा चिरून पाहिला होता. आत पांढरा गाभा, थर्माकोलइतका हलका. याच गाभ्यापासून उष्णतारोधक पत्रे करण्याचे प्रयोग युरोपात झाले आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्या नागपूरकराला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. धांड्याची राख पालाशयुक्त असते. कॉकेशसमध्ये एकेकाळी तिच्यातून हा पालाश, म्हणजे पोटॅश, काढत. युक्रेनमध्ये बियांच्या टरफलांच्या कांड्या दाबून बॉयलरला विकतात.

म्हशीनं खाल्लेल्या तबकड्यांतही पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, असतं, आणि तेही कमी साखरेत, कॅल्शियमच्या मदतीनं गोठणारं. संत्र्याच्या गावात बिनसाखरेच्या मार्मालेडसाठी आणखी काय हवं?

अडचण मलाही कळते: माल विरळ, वजनाला हलका, गाडीभाडंच परवडत नाही. पण कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड (चुरा दाबून केलेली फळी) करून दाखवलाच आहे, आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरातच आहे. तिथे एकदा पऱ्हाटीत सूर्यफुलाचे धांडे मिसळून पाहावेत. दोन बैलबंड्या माल मी स्वतः पोचवून देईन, भाडं न मागता.

— एक शेतकरी, कळमेश्वर (जि. नागपूर)