जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हापासून मुंबईतील अनेक लहान संस्था एकाच पेचात सापडल्या आहेत. वाचनालये, गृहनिर्माण सोसायट्या, विश्वस्त मंडळांचे दवाखाने आणि शाळांची कार्यालये यांच्याकडचे संगणक चालू स्थितीत आहेत. परंतु विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे त्यांतील बरेचसे त्यावर नेता येत नाहीत. अशा वेळी जुन्या यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली घालावी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एखादे विंडोजचे यंत्र ठेवावे, हा मार्ग मला योग्य वाटतो आणि आमच्या वाचनालयात आम्ही तोच धरला. मात्र या दोन यंत्रणांमध्ये फायली आणि प्रिंटर सामायिक कसे करायचे, याकडे बहुतेक ठिकाणी कोणी लक्षच देत नाही. नोकरीची बरीच वर्षे मी युनिक्स या लिनक्सच्या पूर्वसुरी कार्यप्रणालीवर काम केले असून सध्या गिरगावातील एका सार्वजनिक वाचनालयाची मानद कार्यवाह म्हणून काम पाहते. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे सुरुवातीचे काही महिने वर्गणीदारांची यादी पेनड्राइव्हवरून या यंत्रावरून त्या यंत्रावर जात असे. एका शनिवारी खजिनदारांनी आदल्या आठवड्याची प्रत नव्या प्रतीवर उतरवली आणि आठ दिवसांच्या वर्गणीच्या नोंदी पुसल्या गेल्या. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या नोंदी पुन्हा भरता आल्या. त्यानंतर बोलावलेल्या तंत्रज्ञाने अर्ध्या तासात फोल्डर सामायिक करून दिला खरा. पण त्यासाठी त्याने एसएमबी १ ही फायली सामायिक करण्याची जुनी पद्धत पुन्हा चालू केली, फोल्डर सर्वांना विनापासवर्ड खुला केला, आणि आता काही अडचण येणार नाही असे सांगून तो निघून गेला. हे दोन्ही उपाय आजही सर्रास केले जातात आणि दोन्ही घातक आहेत.

विंडोजची यंत्रे फायली आणि प्रिंटर यांसाठी आपसांत जी भाषा बोलतात, तिला एसएमबी म्हणतात. ती भाषा युनिक्सच्या यंत्राला बोलता यावी म्हणून अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना, १९९१-९२ च्या सुमारास, तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून एक प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याला नाव देताना त्यांनी संगणकातील शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि त्यांतून सांबा हे नाव निवडले. तो प्रोग्रॅम आजही विनामूल्य मिळतो आणि जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर चालतो. आम्हाला त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागला नाही.

एसएमबी १ का नको, याचे कारण सर्वांनी ऐकलेले आहे, पण आपल्या कार्यालयाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू विंडोजमधील याच जुन्या आवृत्तीच्या त्रुटीतून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरत होता आणि त्यामुळे ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी १ आपोआप बसवणे टप्प्याटप्प्याने थांबले आणि सांबानेही २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली. ती पुन्हा चालू करण्याचा मोह होण्याचे एक खरे कारण म्हणजे जुने कॉपीयर. स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकताना त्यांतील कित्येकांना फक्त एसएमबी १ च कळते. त्या एका यंत्रासाठी सगळे कार्यालय उघडे टाकण्यापेक्षा स्कॅन ई-मेलने घ्यावा किंवा कॉपीयरच्या अंगावरच पेनड्राइव्ह लावून घ्यावा.

विनापासवर्ड फोल्डरचे दिवस आता तसेही संपत आले आहेत, कारण विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, निदान प्रो प्रकारात, पाहुणा म्हणून कोणाच्याही फोल्डरमध्ये शिरण्यास मूळ मांडणीतच मनाई आहे. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचे लिनक्सवर एक खाते उघडावे, सर्वांचा मिळून एक गट करावा आणि फोल्डर त्या गटापुरताच खुला ठेवावा. येथे नेहमी होणारी चूक अशी की, लिनक्सचा पासवर्ड दिला म्हणजे झाले असे लोक समजतात. सांबा आपले पासवर्ड वेगळे ठेवतो आणि ते स्वतंत्रपणे द्यावे लागतात. दुसरी तक्रार हमखास येते ती ही की, एकाने केलेली फाइल दुसऱ्याला उघडता येते पण बदलता येत नाही. फोल्डरमध्ये तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाच्या मालकीची होईल आणि गटाला तीत लिहिता येईल, असे सांबाच्या सेटिंगमध्ये 'फोर्स ग्रुप' आणि 'क्रिएट मास्क' या दोन ओळींनी सांगता येते. फाइलसाठी ०६६० आणि फोल्डरसाठी २७७० हे परवानग्यांचे आकडे आम्हाला पुरेसे ठरले. सेटिंग बदलल्यावर टेस्टपार्म हा सांबासोबतच येणारा प्रोग्रॅम चालवून पाहावा, कारण टंकलेखनाची एखादी चूक तो लगेच दाखवतो.

विंडोजच्या 'नेटवर्क' या चित्रावर टिचकी मारल्यावर लिनक्सचे यंत्र दिसले नाही, म्हणजे काही बिघडले आहे, असे मानू नये. ती यादी पूर्वी एसएमबी १ च्या आधाराने भरली जात असे. पत्त्याच्या रकान्यात दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे यंत्राचा आकडी पत्ता लिहिला की फोल्डर उघडतो, आणि मग तोच एखाद्या ड्राइव्हच्या अक्षराला जोडून ठेवता येतो. हा आकडी पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्येच तो त्या यंत्रासाठी राखून ठेवावा. वीज जाऊन आल्यावर प्रिंटर 'ऑफलाइन' दिसू लागतो, त्यामागे बहुतेक वेळा राउटरने दिलेला नवा पत्ता हेच कारण असते. राउटरमधून ४४५ हा पोर्ट, म्हणजे एसएमबीचे संदेश ज्यातून जातात ते दार, बाहेरच्या इंटरनेटला मात्र कधीही उघडू नये, घरून काम करायचे असले तरीही.

मराठीत काम करणाऱ्यांनी फायलींच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण इंग्रजी पुस्तकांतून मिळणाऱ्या सूचनांत हा भाग नसतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलरचनेत नावाची मर्यादा अक्षरांवर नसून बाइट्सवर असते. ती २५५ बाइट्स असून देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांसह, ३ बाइट्स घेते. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' एवढ्या चार शब्दांतच ९३ बाइट्स खर्च होतात. आमच्या एका सभासदाने ठरावाचा संपूर्ण विषय फाइलला नाव म्हणून दिला होता. ती फाइल विंडोजवर सुखाने होती, पण सामायिक फोल्डरमध्ये उतरेना आणि त्याचे कारण कोणालाच कळेना. नाव अर्ध्यावर आणल्याबरोबर ती उतरली. त्याचप्रमाणे विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह लिनक्सवर नावात चालते, पण विंडोजला चालत नाही, आणि तशी फाइल सांबातून पाहिल्यास तिच्या जागी भलतेच आखूड, अनोळखी नाव दिसते. इंग्रजी नावांच्या बाबतीत मोठी आणि लहान लिपी लिनक्स वेगवेगळी मानते, विंडोज मानत नाही, म्हणून सर्वांनी लहान लिपीच वापरावी, असा नियम आम्ही केला.

यादी सीएसव्ही या साध्या, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या स्वरूपात लिनक्सवरून काढून एक्सेलमध्ये उघडली, तर मराठी नावांच्या जागी परकी अक्षरे आणि चिन्हे यांची भेसळ दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या अक्षरसंकेतात आहे हे एक्सेलला ओळखता आलेले नसते, म्हणून फाइलच्या आरंभी बीओएम ही खूण घालून ती जतन करावी किंवा एक्सेलमधील डेटा आयात करण्याच्या मार्गाने उघडून यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराला मात्र असा सोपा इलाज नाही; तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट अशी की, विंडोजवर कोणी फाइल उघडलेली असताना सांबा तिला कुलूप लावतो. परंतु ज्या लिनक्सच्या यंत्रावर फोल्डर आहे, त्याच यंत्रावर बसून फाइल थेट उघडली, तर ते कुलूप तिथल्या प्रोग्रॅमला दिसेलच असे नाही. म्हणून त्या यंत्रावर बसणाऱ्यानेही सामायिक फोल्डरच्या वाटेनेच आत जावे.

प्रिंटरविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रिंटरला स्वतःची नेटवर्कची सोय असेल, तर त्याला कोणत्याही संगणकामागे न लावता सरळ राउटरला जोडावे आणि दोन्ही प्रकारच्या यंत्रांनी त्याच्याशी आयपीपी या नेटवर्कवरून छपाई करण्याच्या पद्धतीने थेट बोलावे. केवळ यूएसबीचा प्रिंटर असेल, तर तो लिनक्सला लावून कप्स या छपाईच्या यंत्रणेतून सामायिक करावा. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही यंत्रणा १९९९ पासून उपलब्ध आहे. विंडोजवर 'इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट' ही सोय चालू करून, प्रिंटर जोडताना एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता, पुढे यंत्राचे नाव, ६३१ हा पोर्ट, नंतर 'प्रिंटर्स' हा शब्द आणि शेवटी प्रिंटरचे नाव लिहावे. कागदांचे गठ्ठे वाया घालवणारी चूक येथेच होते: विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, बसवायचा आणि लिनक्सवरही त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर लावायचा, म्हणजे एकाने तयार केलेला मजकूर दुसरा पुन्हा तयार करू पाहतो आणि पानांमागून पाने निरर्थक चिन्हांनी भरून बाहेर पडतात. ड्रायव्हरचे काम एकानेच करावे. विंडोजने पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेत साधा मजकूर पाठवावा आणि बाकीचे लिनक्सवर सोडावे, ही व्यवस्था आम्हाला लाभली. लॅमिंग्टन रोडवर स्वस्त लेझर प्रिंटर घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी तो लिनक्सवर चालतो का, हे अवश्य पाहावे, कारण काही मॉडेल्सची सगळी बुद्धी त्यांच्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच असते.

सामायिक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. विंडोजच्या एका यंत्रात खंडणीखोर विषाणू आला, तर तो जोडलेल्या फोल्डरमधील फायलींनाही कुलूप घालतो. आमच्याकडे लिनक्सचे यंत्र रोज रात्री वेगळ्या डिस्कवर प्रत काढते. ती डिस्क विंडोजच्या यंत्रांना दिसत नाही आणि आठवड्यातून एकदा दुसरी प्रत वाचनालयाबाहेर जाते.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, तंत्रज्ञाने काय केले हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे: कोणत्या यंत्राला कोणता पत्ता राखला, गटात कोण आहे, प्रिंटरची वाट कोणती, प्रत कुठे जाते. आमच्या वाचनालयात ही वही कपाटाच्या वरच्या खणात, पावतीपुस्तकांशेजारी असते. गेल्या पावसाळ्यात राउटर जळाला, तेव्हा मी परगावी होते. आमच्या ग्रंथपाल बाईंनी ती वही उघडून नव्या राउटरवर तेच पत्ते राखून ठेवले आणि संध्याकाळी वाचनालय उघडायच्या वेळी वर्गणीच्या पावत्या नेहमीप्रमाणे छापल्या जात होत्या.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई