आधी ग्रंथालयाचे कार्ड द्या, मग गुलाबपुष्प

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजे उघडली की आपल्या जिल्हा पानावर एक छायाचित्र हमखास येते: नवनियुक्त प्राध्यापकांचे स्वागत. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना गुलाबपुष्प धरून उभे असलेले नवे चेहरे, मागे फ्लेक्स. गेल्या आठवड्यातही आले. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, २०२३मध्ये निवृत्त झालो. असे समारंभ पुष्कळ पाहिले. भेट द्यायची पुस्तकेही बहुतेक वेळा मीच निवडून दिली. म्हणून या छायाचित्रात कोण नसते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

एका वर्षी आमच्याकडे तीन पूर्णवेळ सहायक प्राध्यापक रुजू झाले. बऱ्याच वर्षांनी पदे भरली गेल्यामुळे सगळेच खुशीत होते. सभागृहात कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालन मराठी विभागातल्या एका मॅडमनी केले. सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. झालेल्या, आवाज खणखणीत. तिघांचा परिचय त्यांनीच करून दिला, एकेकाला मंचावर बोलावले, शेवटी आभारही मानले. त्या स्वतः त्या वर्षी सहाव्यांदा ‘नव्याने’ रुजू व्हायच्या होत्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर. त्यांची ऑर्डर अजून निघाली नव्हती, त्यामुळे स्वागताच्या यादीत त्यांचे नाव असायचे कारणच नव्हते. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही वाटले नाही.

कळले ते माझ्या टेबलावर. तासिकेवरच्या प्राध्यापकांची नेमणूक सत्रापुरती, म्हणून एप्रिल आला की ते ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन रांगेत उभे. पुस्तके जमा, कार्ड रद्द, माझी सही. मग जुलैत पुन्हा कार्यभाराची तपासणी, जाहिरात, मुलाखत, मान्यता, आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत ऑगस्ट संपत आलेला. ऑर्डर नाही तर कार्ड नाही, हा आमच्या ग्रंथालय समितीचा नियम. मॅडमच्या नावावर आठ वर्षांत आठ कार्ड क्रमांक पडले आणि आठ ‘नो ड्यूज’वर माझी सही आहे. त्यांनी शिकवलेली प्रथम वर्षाची मुले मात्र जुलैतच कार्ड घेऊन मोकळी होत, कारण त्यांची फी भरलेली असे.

तास तर जूनअखेरपासूनच सुरू होतात. वर्गात मुले बसलेली असतात, अभ्यासक्रम बदललेला असतो, पुस्तक लागते ते नेमके याच दिवसांत. मॅडम वाचनकक्षात, मुलांच्या बाकावर बसून टिपणे काढायच्या. “सर, यंदा कार्ड कधी?” एवढेच विचारायच्या, तेही हसत. दोन वर्षे मी माझ्या स्वतःच्या कार्डावर त्यांना पुस्तके दिली. नियमात बसत नव्हते. आता निवृत्त झालो म्हणून लिहायला हरकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ आणला, नव्या शिक्षकांसाठी ‘गुरु-दक्षता’ नावाचा महिनाभराचा कार्यक्रम आखला. दोन्ही २०१९चे, दोन्ही चांगले. नव्या शिक्षकाला संस्था कशी चालते, परीक्षा कशी होते, वर्गात कसे उभे राहायचे हे कुणीतरी सांगायलाच हवे. पण आमच्याकडून अशा प्रशिक्षणाला गेले ते पूर्णवेळ नेमणूक झालेलेच. ज्यांना दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागते, त्यांना कुणी काही सांगत नाही. त्यांनी वेळापत्रक फळ्यावरून उतरवून घ्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’सारखा विषय कुणी घ्यायचा, असा प्रश्न आला की बोट आधी त्यांच्याकडेच वळते. नाही म्हणायची सोय त्यांना नाही ना!

याच आयोगाचा २०१८चा नियम सांगतो की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत. पाहुण्या प्राध्यापकांना तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत, असेही आयोगाने २०१९मध्ये कळवले. आमच्या स्टाफरूममध्ये दुपारी मोजले तर १० टक्क्यांचा हिशेब केव्हाच पार झालेला असायचा, आणि ५०,००० कुणाच्या हाती पडलेले मी निवृत्त होईपर्यंत पाहिले नाहीत. मानधन येई तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. दिवाळीच्या आधी आले तर पेढे वाटत. नेट-सेट झालेल्या, पस्तिशी उलटलेल्या माणसाने स्वतःच्याच पगाराचे पेढे वाटावेत, याला काय म्हणावे?

पदभरती, मानधनाचे दर हे मंत्रालयाचे विषय आहेत. तिथे संघटना भांडत आहेत, त्यांनी भांडावे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे आणि ते प्राचार्यांना उद्देशून आहे. मुलाखती मे महिन्यात उरकता येतात. आमच्याकडे एका प्राचार्यांनी त्या एक वर्ष उरकून दाखवल्या होत्या आणि त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळे विभाग भरलेले होते. स्टाफरूममध्ये एक खुर्ची आणि खण नावाने देता येतो. विभागाच्या दारावरच्या पाटीवर नाव लावता येते. दरवर्षी पाटी बदलावी लागेल म्हणून आमच्याकडे ते टाळत. कागद चिकटवला तरी चालला असता. आणि कार्ड. एप्रिलमध्ये रद्द न करता ते पुढच्या नेमणुकीपर्यंत चालू ठेवायला फार तर दोन पुस्तकांच्या किमतीएवढी अनामत घ्यावी. माझ्या सगळ्या नोकरीत तासिकेवरच्या एकाही शिक्षकाने आमचे पुस्तक बुडवलेले नाही. बुडवलेल्यांची यादी वेगळी आहे आणि त्यांतल्या काहींच्या सत्काराला मी हजर होतो.

मॅडम यंदाही तिथेच आहेत, असे कळते. कार्डाच्या नियमात बदल करायचा तर ग्रंथालय समितीच्या एका बैठकीचे काम आहे, आणि ती बैठक जुलैतच असते.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा