हवालदार मॅडम, रेकॉर्ड दुरुस्त केल्याबद्दल

मॅडम, स.न.वि.वि.

तुमचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बदल्यांच्या दिवसांत कौतुकही कधीकधी अंगाशी येतं. पण वाचलंत तर ओळखालच. स्कूलबसच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा म्हणून आलेला, बांधाच्या भांडणातल्या केसवाला मी.

चुलत्यांशी बांधावरून जुंपली, हत्यारानं दुखापत केल्याचं ३२४ कलम लागलं, अटक झाली, जामीन झाला आणि मग तारखाच तारखा. शेवटी पंच फितूर झाले, फिर्यादीचा जबाब आणि डॉक्टरांचा दाखला यांचा मेळ बसेना. कोर्टानं आम्हा दोघा भावांची निर्दोष मुक्तता केली. अपीलही झालं नाही. आईनं गावात पेढे वाटले, आणि आम्ही त्या प्रकरणाची पिशवी माळ्यावर टाकली.

दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरला तेव्हा शेरा आला: गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. बसमालक म्हणाला, आधी दाखला आण. ठाण्यात गेलो तर ‘कोर्टातून आणा’, कोर्टात गेलो तर ‘आम्ही निकाल दिला, आता आमच्याकडं काय?’ या दोन वाक्यांच्या मध्ये माणूस किती दिवस लोंबकळू शकतो, हे ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं.

तुम्ही ‘काय केलं होतंस?’ असं विचारलं नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, ‘सीएनआर नंबर आहे का?’ म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर. माझ्याकडं नव्हता. मग कोर्टांच्या ई-कोर्ट साइटवर नावावरून केस शोधलीत. तिथं ‘निकाली’ असं स्वच्छ दिसत होतं. नंतर सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदींच्या संगणक यंत्रणेत, आमचा गुन्हा उघडलात आणि स्क्रीन माझ्याकडं वळवलीत. एफआयआर भरलेला, अटकेचा फॉर्म भरलेला, दोषारोपपत्र भरलेलं. कोर्टाच्या निकालाचा सहा नंबरचा फॉर्म मात्र कोरा. ‘निकाल आपल्या पायानं इकडं चालत येत नाही हो, कुणीतरी भरावा लागतो,’ म्हणालात. इतकी वर्षं आमच्या गळ्यात अडकलेला काटा म्हणजे तो एक कोरा फॉर्म होता.

नक्कल अर्जात काय लिहायचं तेही तुम्हीच सांगितलंत: निकालपत्राची प्रमाणित प्रत, अंतिम आदेशासह. ती आणल्यावर तुम्ही शेवटचं पान शोधलंत, आदेशाच्या ओळीवर पट्टी ठेवलीत, आमची नावं दोनदा पडताळलीत आणि मग टाइप केलंत. साहेबांची सही घ्यायला स्वतः आत गेलात. माझा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, त्यानं अर्जसुद्धा केला नव्हता. त्याच्या नावापुढचा शेराही त्याच बैठकीत दुरुस्त केलात. त्याच्यासाठी वेगळा हेलपाटा कशाला, म्हणालात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. एफआयआर पुसला जाणार नाही, हे तोंडावर सांगितलंत. पण अटकेच्या वेळी घेतलेले फोटो आणि बोटांचे ठसे ही वेगळी बाब आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. घरी येऊन वाचलं. आमचे फोटो-ठसे कैद्यांच्या ओळखीबाबतच्या जुन्या १९२० च्या कायद्याखाली घेतलेले. त्याच्या कलम ७ मध्ये लिहिलंय की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर फोटो, अगदी निगेटिव्हसकट, नष्ट करायचे किंवा त्यालाच परत द्यायचे. कोर्टानं कारण नोंदवून वेगळं सांगितलं असेल तरच ठेवायचे. २०२२ च्या नव्या कायद्यात ही माहिती ७५ वर्षं जपण्याची तरतूद आहे, पण सुटलेल्याची माहिती नष्ट करण्याची सोय त्यातही आहे, अपिलाचे मार्ग संपल्यावर. इंग्रजांच्या काळापासून कायद्यात असलेली गोष्ट आम्हाला कोर्टात, ठाण्यात कुणीच कशी सांगितली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि बसमालकाच्या फॉर्मवरचा तो प्रश्न: ‘आपणास कधी अटक झाली आहे काय?’ मित्र म्हणत होते, ‘नाही’ लिही, कोण बघतंय. तुम्ही म्हणालात, ‘हो’ लिहा आणि निकाल जोडा. सरकारी नोकऱ्यांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल तेव्हाच तुमच्या तोंडून ऐकला. त्याचं सार असं: खरं सांगूनही नोकरी देणाऱ्याला विचार करायचा अधिकार राहतोच, पण लपवलं तर ते लपवणंच अंगलट येऊ शकतं.

दाखला मिळाला. त्यावर गुन्ह्याचा उल्लेख आहे आणि त्याच ओळीत ‘न्यायालयाने निर्दोष मुक्त केले’ असंही आहे. मालकानं दोन्ही वाचलं, निकालाची प्रत चाळली आणि सोमवारपासून ये म्हणाला. सकाळची खेप माझ्याकडं आहे.

फोटो आणि ठसे नष्ट करण्याचा अर्ज भावानं आणि मी वेगवेगळा दिलाय, पोच घेतलीय. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की ठाण्यात येऊन दाखवीन.

आपला आभारी,
स्कूलबसचा ड्रायव्हर